बिराजदार अक्का आणि गाईचा भाव

आमच्या शाळेत माझ्या आणि बिराजदार अक्कांच्या वर्गांमध्ये भिंत नव्हती, नुसता फळ्यांचा पडदा होता. भिंत बांधू, बांधू म्हणत राहूनच गेली होती. पडद्याच्या पलीकडे पाचवीचं इंग्रजी, अलीकडे सहावीचं माझं गणित. आता गणित म्हणजे कसं, खाली मान घालून, जीभ दातात धरून, गुपचूप करायची गोष्ट. आणि पलीकडे काय? पलीकडे रोज लग्नाची वरात!

मी वैरागची. लग्न होऊन सोलापुरात आले आणि त्याच जूनमध्ये या शाळेत लागले. बाहत्तरचा दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लसावि काढतेय, पोरं टकामका बघतायत, आणि एकदम पलीकडून अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला, "नो, गोट, नो!"

माझ्या हातातला खडूच पडला. वाटलं, साप निघाला की काय! तणतणत गेले तशी शेजारच्या दारात. बघते तर एक चांगली भरदार बाई, इरकली लुगड्याचा काचा मारल्यासारखा ओचा वर खोचलेला, कपाळाला विभूतीची पट्टी, आणि ही बाई चक्क दोन्ही हात जमिनीवर टेकून शेळी झालेली! एका पोराची टोपी तोंडात धरून चघळत होती. मला बघितल्यावर टोपी तोंडातनं काढली आणि म्हणाली, "आत या की. दारात का उभ्या? शेळीला घाबरता व्हय?"

मी आत गेले ती त्यांच्या आयुष्यात जवळजवळ घुसलेच. भांडायला गेले होते आणि अर्धा तास पोरांबरोबर "नो, गोट, नो" ओरडून परत आले.

ती गोष्ट अक्कांनीच रचलेली. साखर पेठेत एक शेळी असते आणि ती दिसेल ते खाते. विणकराचं सूत खाते, डॉक्टरची चिठ्ठी खाते, पोलिसाचा पट्टा खाते. दर वेळी वर्गानं ओरडायचं. शेवटी शेळीचं पोट दुखतं आणि सगळी पेठ तिच्या उशाशी येऊन बसते. बस्स, एवढीच गोष्ट. पण ती आठ दिवस चालायची, आणि त्या आठ दिवसांत पोरांच्या तोंडात खाणं, पिणं, दुखणं, येणं, जाणं सगळं इंग्रजीतनं बसायचं. माझ्या वर्गाच्याही बसायचं, ते वेगळंच! मी एकदा विचारलं, "सांगा रे, बाराला आठानं पूर्ण भाग जातो का?" माझे सगळे गणिती एका सुरात म्हणाले, "नो, गोट, नो!" आता याच्यावर मारायचं कुणाला?

शिवलीला बिराजदार हे त्यांचं पूर्ण नाव. शाळेत बिराजदार बाई. मी मात्र महिनाभरातच त्यांना अक्का म्हणायला लागले, आणि त्या मला सुमे. घरात कानडी, बाहेर मराठी, वर्गात इंग्रजी, आणि राग आला की पुन्हा कानडी. "यव्वा!" अशी आरोळी आली की समजायचं, कुणीतरी पाठ्यपुस्तकातला धडा न समजता घोकून आलाय.

कारण घोकण्यावर त्यांचा भारी दात. त्यांचा एकच मंत्र होता. "आधी हात, मग तोंड, मग पाटी." म्हणजे शब्द आधी हातानं करायचा, मग तोंडानं बोलायचा आणि सगळ्यात शेवटी लिहायचा. 'पुल' शिकवायचं तर वर्गातलं टेबल पोरांनी ओढत व्हरांड्यात न्यायचं. 'पुश' शिकवायचं तर तेच टेबल ढकलत परत आणायचं. मधल्या मधे आमच्या हेडसरांच्या दुपारच्या डुलकीचा जीव जायचा, ते सोडा.

एक पोरगा एकदा म्हणाला, "आय ॲम अ टेबल." अक्का म्हणाल्या, "व्हेरी नाइस टेबल!" आणि त्याला ओणवा करून त्याच्या पाठीवर आपला जेवणाचा डबा उघडून बसल्या. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, सगळं मांडलं. वर्ग हसून हसून लोळायचा बाकी. पोरगं पाठीखालून ओरडतंय, "नो टेबल! आय ॲम बॉय!" तेव्हा कुठं डबा उचलला, आणि त्यातली निम्मी भाकरी त्यालाच दिली.

शाळेचे शिपाई रसूलचाचा. त्यांनाही सोडलं नाही अक्कांनी. एका नाटकात राजा पाहिजे होता आणि पोरांतलं कुणी राजासारखं दिसेना, तेव्हा घंटा देऊन चाललेल्या रसूलचाचांना दंडाला धरून आत नेलं. दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "देखो बाईसाब, मेरेकू राजा बनाए, मगर ताज नै दिये! ऐसा राजा रहता क्या?" मी अक्कांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा मुकुट आला. पुढे आठवडाभर चाचा कुणी चहा सांगितला की "यस, माय पीपल" म्हणत होते.

मी एकदा विचारलं, "अक्का, या पोरांना कशाला एवढं इंग्रजी? मराठीच धड येत नाही की." वर्गात निम्मी पोरं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. काही कानडी, काही दखनी. मराठी बोलतानाच अडखळायची.

अक्का म्हणाल्या, "म्हणूनच गं. मराठीच्या तासाला कुणीतरी पुढं असतंय, कुणीतरी मागं. पण इंग्रजी या वर्गात कुणाच्याच आईची न्हाई. सगळे एका रांगेत! माझ्यासकट."

हे मला फार आवडलं. अजूनही आवडतं.

त्या वर्गात पद्मा नावाची एक मुलगी होती. सकाळी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मग शाळेत यायची. पण बोलणं नाही. तेलुगू नाही, मराठी नाही, काहीच नाही. विचारलं की नुसती जमिनीकडे बघायची. दुसरा कुणी असता तर छडी घेतली असती. अक्कांनी तिला विहीर केली.

हो, विहीर! गोष्टीत एक विहीर होती आणि विहिरीला काम एकच. जो कुणी वाकून तिच्यात बोलेल, त्याचं बोलणं तिनं तसंच्या तसं परत द्यायचं. पोरं एकेक करून वाकायची. "हॅलो!" म्हणायची. पहिले दोन दिवस विहीर कोरडी. अक्का शांत. तिसऱ्या दिवशी रसूलचाचा घंटेला जाता जाता आत डोकावले आणि वाकून म्हणाले, "गुड मॉर्निंग, विहीरबाई!" आणि आतून बारीकसा आवाज आला, "गुड मॉर्निंग, विहीरबाई."

मी फळ्यांच्या फटीतून बघत होते. अक्कांनी नुसतं पदरानं तोंड पुसलं आणि पुढचा मुलगा बोलावला. त्या दिवशी मात्र शाळा सुटल्यावर मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाल्या, "सुमे, माझी विहीर लागली गं, विहीर लागली!"

आता एवढं सगळं रंगात चाललेलं, तर हेडसरांच्या पोटात दुखायचं कारण काय? कारण होतं. हेडसर माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मागच्या तपासणीत साहेबांनी आमच्या शाळेला चांगलं झापलं होतं, आणि इंग्रजीवरूनच झापलं होतं. ते सगळं अक्का यायच्या आधीचं. पण हेडसरांनी धसका घेतलेला तो घेतलाच. जानेवारीत तपासणी ठरली आणि त्यांनी अक्कांना आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "बिराजदार बाई, यंदा साहेबांसमोर गडबड झाली तर इंग्रजी दुसऱ्याला देणार. तुम्ही मुलींचं शिवण घ्यायचं."

अक्का हसल्या. "सर, सुई बघितली की मला झोप येते की वो." सगळे हसले. पण जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघी कडुनिंबाखाली बसलो तर त्यांनी डबा उघडलाच नाही.

"सुमे, माझ्याकडनं पाचवी काढून घेतली तर मी काय करू गं?"

एवढंच म्हणाल्या. या बाईला मी कधी अशा आवाजात बोलताना ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, मग या वेळी दोन-चार धडे घोकून घ्या ना. साहेब जाईपर्यंत. नंतर करा तुमच्या शेळ्या नि विहिरी."

त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत परत घातला.

"पोरांना कळंल की गं," त्या म्हणाल्या. "साहेब आला की खोटं, साहेब गेला की खरं. एकदा कळलं की संपलं."

साहेबांसाठी त्यांनी गोष्ट निवडली ती गाईच्या बाजाराची. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. जनावरांचा बाजार पोरांनी डोळे भरून बघितलेला. गोष्ट सोपी. एक म्हातारा गाय विकायला येतो, गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, घासाघीस होते, आणि शेवटी गाय हंबरते म्हणून म्हातारा तिला परत घरी नेतो. भरपूर बोलणं होतं. हाउ मच, टू मच, टू लिटल, गुड काऊ, ओल्ड काऊ. मी फळ्यांच्या फटीतून तालमी बघितल्या, पोरं पोपटासारखी बोलत होती. मी निर्धास्त झाले.

आणि तपासणीच्या दिवशी घोटाळा झाला.

म्हातारा व्हायचा होता मल्लू. मल्लूचे वडील जनावरांचे हेडी, म्हणजे बाजारात जनावरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणारे. आता ज्यांनी आपला जनावरांचा बाजार बघितलाय त्यांना माहीत आहे, तिथे गाईचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. विकणारा आणि घेणारा हातावर पंचा टाकतात, पंचाखाली एकमेकांची बोटं धरतात, आणि बोटांवरच भाव होतो. वरून दोघांची तोंडं कशी, तर देवळातल्या खांबासारखी! आजूबाजूला शंभर माणसं उभी, पण आकडा कुणाला कळत नाही.

तर मल्लूनं मनाशी ठरवलं. अक्का नेहमी म्हणतात ना, खरं घडतं तसंच करा? मग एवढे मोठे साहेब आल्यावर खोटा बाजार कसा दाखवायचा? त्यानं आदल्या दिवशी पोरांना सगळी बोटं शिकवली आणि येताना वडिलांचा पंचा घेऊन आला. अक्कांना पत्ताच नाही.

साहेब आले. उंच, गोरे, पुण्याकडचे. खुर्चीवर बसले. हेडसर मागे हात बांधून उभे, कपाळावर घाम. मी माझ्या वर्गाला उदाहरणं दिली आणि फटीला डोळा लावला. मागे वळून बघते तर माझी सहावी सगळी एकेक फट धरून उभी! म्हटलं, राहू दे आता.

गाय आली. म्हणजे चौघं पोरं एका चादरीखाली. पद्मा याही गोष्टीत विहीर होऊन कोपऱ्यात बसली, बाजारात कुणी भाव बोललं की तो तिनं परत द्यायचा. मल्लू काठी टेकत आला, गिऱ्हाईक आलं. दोघांनी रामराम केला. मल्लूनं खांद्यावरचा पंचा काढला, हातावर टाकला. गिऱ्हाइकानं खाली हात घातला.

आणि वर्ग चिडीचूप.

पंचा हलतोय. मल्लू मान हलवतोय. गिऱ्हाईक भुवया चढवतंय. बाकीची पोरं श्वास रोखून. सगळा बाजार रंगात आलेला, आणि इंग्रजीचा एक शब्द नाही! "बोला रे, बोला रे मेल्यांनो!" मी फळीला तोंड लावून कुजबुजले. पण ऐकतंय कोण?

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग हेडसरांना विचारलं, "यांना काही बोलता येत नाही का?" हेडसर अक्कांकडे बघून नुसते लाल झाले. मी मनात म्हटलं, गेली. अक्कांची पाचवी गेली.

अक्का मागच्या भिंतीपाशी होत्या. त्यांनाही आत्ताच उमजलं होतं काय झालंय ते. एक वाक्य मराठीत सांगितलं असतं, साहेब, हा असा रिवाज आहे, तर सुटल्या असत्या. पण नाही. त्या पुढे आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चिल्ड्रन! धिस जेंटलमन वॉन्ट्स टु बाय द काऊ!"

अगाई! हेडसर पडतातच की काय असं झालं. साहेब दचकले. पण मल्लू कुठला दचकतोय? आलं गिऱ्हाईक! त्यानं साहेबांपुढे जाऊन हात जोडले. "कम, सर. सिट." आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, उठले, पाटलोण सावरत जमिनीवर मांडी घातली. मल्लूनं पंचा टाकला आणि त्यांचा हात आत ओढला. साहेबांना त्यातलं काही ठाऊक नाही. ते आपले मोठ्यांदा म्हणाले, "वेल, शॅल वी से फिफ्टी रुपीज?"

आणि कोपऱ्यातून पद्मानं, नेमून दिल्याप्रमाणे, तेवढ्याच मोठ्यांदा परत दिलं, "वेल, शॅल वी से फिफ्टी रुपीज?"

झालं! बाजारात भाव फुटला! सगळा वर्ग उसळला.

"नो सर! नो! डोन्ट से!"

"क्वाएट, पद्मा!"

"सर, पीपल आर हिअरिंग!"

"आफ्टर, अनदर मॅन कम! ही से सिक्स्टी! यू लॉस, सर!"

"फिंगर, सर, फिंगर! माउथ क्लोज!"

गाईच्या पोटातून एक पोरगं बाहेर आलं आणि साहेबांना समजावून सांगायला लागलं, की धिस फिंगर इज टेन, फुल हँड इज फिफ्टी, अँड फेस, सर, नो लाफ. साहेब विचारतायत, "व्हाय नॉट लाफ?" मल्लू म्हणतो, "यू लाफ, आय नो यू आर हॅपी. आय आस्क मोअर!" साहेबांनी आणखी विचारलं, पोरांनी आणखी सांगितलं. चुकत होती की! पण थांबत नव्हती. यातलं एक वाक्यसुद्धा अक्कांनी शिकवलेलं नव्हतं. तालमीत नव्हतं, पुस्तकात नव्हतं. पोरांची स्वतःची होती ती, जन्मात पहिल्यांदा.

शेवटी साहेबांनी तोंड खांबासारखं करून बोटांवर सौदा केला, आणि मल्लूनं ठरल्याप्रमाणे गाय विकायला नकार दिला. "सॉरी, सर. काऊ इज क्राइंग."

फळ्यांच्या अलीकडून माझ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! हेडसरांनी आमच्याकडे बघितलं, पण रागावायचं विसरले. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडावर दाबून, आणि डोळ्यांतून धारा. हसतायत की रडतायत, त्यांनाही कळत नसेल.

साहेब कपडे झटकत ऑफिसात गेले आणि हेडसरांना म्हणाले, "या बाई इथे एकाच वर्गात काय करतायत?"

हेडसरांना वाटलं, बाईंची नोकरी गेली. ते काहीतरी सारवासारव करायला लागले. साहेब म्हणाले, "अहो, तसं नव्हे. करमाळ्याकडचे गुरुजी इंग्रजी शिकवायला घाबरतात. यांना तिकडे पाठवा. मास्तरांना शिकवू देत."

अशी गंमत. पाचवी हातची जाऊ नये म्हणून जीव टांगणीला लावला, ती पाचवी वाचली, आणि वाचली म्हणूनच गेली. नापास झाल्या असत्या तर शिवणाच्या निमित्तानं का होईना, माझ्या शेजारी राहिल्या असत्या. मला इतका राग आला! साहेबांचा, मल्लूचा, त्या गाईचासुद्धा. मी म्हटलं, "अक्का, नाही म्हणून सांगा."

"सांगणारच होते गं," अक्का म्हणाल्या. "पण विचार केला, मास्तर भितोय म्हटल्यावर पोरं काय करतील? सगळा तालुका गप्प बसंल की."

मे महिन्यात त्या गेल्या. निरोप समारंभ वगैरे त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या तासाला पोरांना एक नवी गोष्ट निम्मी सांगितली, आणि उरलेली तुम्हीच करा म्हणून निघून गेल्या. पोरांनी पुढे वर्षभर ती गोष्ट संपू दिली नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दिवाळीनंतर पुण्याला नणंदेकडे चालले होते, दिवसाच्या पॅसेंजरनं. गाडी करमाळ्याजवळच्या जेऊरला थांबली. मी खिडकीशी पेरू खात बसलेली. बघते तर फलाटावर दहा-बारा गुरुजींचा घोळका, टोप्या, धोतरं, पाटलोणी, कुणी केळीवाल्यापाशी उभा, कुणी गार्डापाशी. इतक्यात त्यातले एक म्हातारे गुरुजी, पांढऱ्या मिशा, हातात छत्री, माझ्या खिडकीशी आले. ओठ थरथरत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना काही होतंय की काय.

"मॅडम," ते म्हणाले. "व्हेअर... आर... यू..."

मी वर बघितलं. त्यांच्या मागे, चार पावलांवर, इरकली लुगडं, विभूतीची पट्टी. अक्का!

मी "अक्का" म्हणून ओरडायला तोंड उघडलं. त्यांनी मला बघितलं. ओळखलं, डोळे लकाकले. पण पुढे आल्या नाहीत. एक हात वर करून मला थांबवलं आणि बोटानं गुरुजींकडे दाखवलं. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

"गोइंग?" गुरुजींनी वाक्य तडीला नेलं आणि छत्री घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

आता आली का पंचाईत! मी गणिताची बाई. इंग्रजी वाचून कळतं, ओरडायला सांगितलं तर घोळक्यात ओरडते, पण एकटीच्या तोंडातून आयुष्यात एक वाक्य निघालं नव्हतं. शिट्टी झाली. समोर म्हातारे गुरुजी उत्तराची वाट बघतायत, मागे अक्का बघतायत. मला त्यांना केवढं सांगायचं होतं! पद्मा वर्गात गोष्टी सांगते, मल्लू सहावीत माझ्याकडे आलाय, शाळेत करमत नाही. आणि तोंडातून निघालं ते, "आय... आय ॲम गोइंग टु पुणे. टु माय... टु माय हजबंड्स सिस्टर."

गुरुजींचा चेहरा असा फुलला! "थँक यू!" ते जवळजवळ ओरडलेच. गाडी हलली. मी खिडकीतून मान बाहेर काढली. अक्का फलाटावर दोन्ही हात वर करून, आजूबाजूच्या हमालांची पर्वा न करता उड्या मारत होत्या आणि ओरडत होत्या, "व्हेरी गुड! व्हेरी गुड!"

गुरुजी मागे वळून त्यांच्याकडे बघत होते. पण अक्का माझ्याकडे बघत होत्या.